संवादी वाचन : बालशिक्षणातील दुर्लक्षित गुंतवणूक

(नोएडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१९७६ साली स्थापन झालेले नोएडा आज उंच इमारतींसाठी ओळखले जाते. त्या उभारणाऱ्या अनेक मजुरांची मुले बांधकामाच्या आवारातच वाढतात. विकासाचा हिशेब मांडताना आपण चौरस फूट मोजतो. या मुलांशी दिवसभरात कोण किती बोलते, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा गुंतवणुकीचा प्रश्न आहे.

लहान मुलाला पुस्तक वाचून दाखवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मोठी व्यक्ती वाचते आणि मूल ऐकते. दुसरीत वाचणारी व्यक्ती मध्येच थांबते, चित्रावर बोट ठेवून ‘ही बाई कुठे निघाली असेल?’ असे विचारते आणि उत्तराची वाट पाहते. मूल ‘बाजार’ म्हणाले, की ‘हो, ती भाजी घ्यायला बाजारात चालली आहे’ असे त्या एका शब्दाचे वाक्य करून देते. हेच संवादी वाचन होय.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील दोन्ही गटांचे पालक घरी वाचून दाखवीतच होते. फरक होता तो पद्धतीचा. अवघ्या चार आठवड्यांनंतर संवादी वाचनाच्या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत काही महिन्यांनी पुढे असल्याचे आढळले. १९९२ साली मेक्सिकोतील गरीब कुटुंबांच्या मुलांबाबतही अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ असा, की पुस्तकाची किंमत तीच राहते. वाढतो तो माणसाचा वेळ. चित्रमय पुस्तक असेल तर निरक्षर आईदेखील हे काम करू शकते. मात्र मुलाचे उत्तर मैथिली वा बुंदेलीत आले, तरी ते उत्तर म्हणून स्वीकारले गेले पाहिजे.

बोर्डीत बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक यांनी शिक्षणच त्यांच्या अंगणात नेले. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा विचार आहे. आज पोषण आहार, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडून वीस-पंचवीस मुलांशी असा संवाद होण्याची अपेक्षा बाळगणे वास्तवाला धरून नाही. ‘असर २०२४’नुसार ग्रामीण भागातील तिसरीच्या केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता येत होता. या स्थितीची कारणे अनेक आहेत. परंतु वाचनाचा पाया बोलण्यात असतो आणि तो शाळेपूर्वीच घातला जातो.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. पुस्तकखरेदीबरोबरच प्रत्येक केंद्रात एका मदतनिसाच्या मानधनाची तरतूद व्हावी. तिने पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटासोबत रोज पंधरा मिनिटे एक पुस्तक वाचावे. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी कपाटातील पुस्तके मोजावीतच. पण मुलांपैकी किती जण आपणहून प्रश्न विचारतात, हेही पाहावे.