कपाटाची किल्ली कोणाकडे?

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



केंद्रातलं लोखंडी कपाट कुठे ठेवायचं, किल्ली कोणाकडे राहील, यावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. आत बायकांच्या केसेसच्या फायली असतात ना! पण तीच माहिती संगणकावर गेली, की ती कुठल्या कंपनीच्या यंत्रावर राहणार हा प्रश्न आपण ‘तांत्रिक’ म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपवून मोकळ्या होतो. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमची केस-नोंदणी एका कार्यकर्तीने एलिक्सिर या भाषेत लिहून दिली. संस्थेच्या वेबसाइटसाठी आधीच स्वस्तातलं होस्टिंग घेतलेलं होतं. तिथे विचारलं तर उत्तर आलं, ‘ही भाषा आमच्याकडे चालत नाही, पीएचपीमध्ये लिहून आणा.’ आमच्यातल्याही काहीजणी म्हणाल्या, असली आडवळणाची भाषा घेतलीच कशाला?

भाषा कच्ची नाही. ब्राझीलच्या जुझे व्हालिम यांनी ती २०१२ च्या सुमारास पुढे आणली. तिच्या खाली आहे अर्लंग, म्हणजे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झालेली भाषा. आपण रोज वापरतो त्या व्हॉट्सअॅपचा सर्व्हरही अर्लंगवरच उभा राहिला. अडचण एवढीच, की ती जाणणारी माणसं कमी.

मग स्वस्त होस्टिंगवर का चालत नाही? तिथे एकाच यंत्रावर शेकडो वेबसाइटी भाडेकरूंसारख्या राहतात. पीएचपीचं काम असं, की गिऱ्हाईक आलं की चूल पेटवायची, वाढायचं, विझवायची. एलिक्सिरची चूल रात्रंदिवस पेटती लागते. चाळीच्या मालकाला ते परवडत नाही, त्यात दुष्टपणा काही नाही.

आता दोन वाटा राहतात. पहिली, सगळं सांभाळून देणाऱ्या कंपन्यांची. रेंडर, फ्लाय किंवा खास एलिक्सिरसाठी निघालेली गिगालिक्सिर यांच्याकडे प्रोग्रॅम दिला की त्या चालवतात. काम कमी, पण त्यांच्या अटी बदलल्या की आपली धावपळ. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटची सोय बंद केली तेव्हा अनेक लहान गटांना बिऱ्हाड हलवावं लागलं. दुसरी वाट, स्वतःची खोली भाड्याने घ्यायची. तिला व्हीपीएस म्हणतात. तिथे भिंती तुमच्या, चूल तुमची, कुठलीही भाषा चालवा. २०१९ पासून एलिक्सिरमध्ये प्रोग्रॅम आणि तो चालवायला लागणारं सगळं यांचं एकच गाठोडं बांधता येतं. त्यामुळे होस्टला ती भाषा ‘येते का’ हे विचारायचीही गरज उरत नाही. मात्र कुलूपही तुम्हीच लावायचं. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला कोण घालणार? नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर पहिली वाट धरा, महिन्याला थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आम्ही दुसरी वाट घेतली, कारण आमच्याकडे दोघींची नावं होती. एकच असती तर घेतली नसती. भाषा कमी वापरातली असेल तर हा मुद्दा फार मोठा होतो. ती एक मुलगी लग्न होऊन परगावी गेली, नोकरीत अडकली, की बाजारात दुसरी मिळत नाही.

सर्व्हर भारतातच हवा का, असं विचारतात. डिजिटलओशनचा बंगळूरला आहे, लिनोडचा मुंबईत आहे. जवळ असला की पान लवकर उघडतं, एवढं खरं. पण यंत्र मुंबईत म्हणून माहिती आपल्या ताब्यात असं नव्हे, कंपनी परदेशीच राहते.

पैशाचंही सांगते. परदेशी कंपनी दरमहा कार्डातून पैसे कापते. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, तेव्हापासून अशी बिलं अडकण्याचे प्रकार वाढले. बिल अडकलं की सर्व्हर बंद, आणि बरेच दिवस लक्ष दिलं नाही तर पुसूनही टाकतात. म्हणून आगाऊ भरणा करता येतो का ते आधी बघा. खातं आणि डोमेनचं नाव संस्थेच्या ईमेलवर घ्या, कोणा ताईच्या किंवा तिच्या भावाच्या नव्हे. हे मी कितीही वेळा सांगेन.

पुन्हा पीएचपीत लिहावं का? मला पटत नाही. चालतं काम मोडून वर्ष घालवायचं ते होस्टच्या सोयीसाठी! आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. जगाला दिसणारी वेबसाइट त्या स्वस्त होस्टिंगवरच आहे. केस-नोंदणी वेगळ्या यंत्रावर, आणि त्याचा पत्ता वेबसाइटवर कुठेही नाही. घर सोडून आलेली बाई सध्या कुठे राहते, हे मात्र त्यातही घालत नाही. नवऱ्याच्या ओळखीचा कोणी संगणकाचं काम करणारा निघाला तर? ती नोंद अजून कागदावर, कपाटातच आहे. काहींना हा जुनाट हट्ट वाटतो. वाटू दे.

बॅकअप रोज दुसऱ्या कंपनीकडे कुलूपबंद होऊन जातो. पण गेलेला बॅकअप परत उघडतो का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. पुढच्या महिन्यात कोऱ्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं करून बघणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी चहाच्या सुट्टीत नावं द्या. लॅपटॉप नसला तरी चालेल, वही आणा.