ज्वारी गेली, शुगर आली
(अकोट येथील बैठकीतले भाषण)



कापसाच्या भावावर बोललं की टाळ्या पडतात. आज आम्ही शुगरवर बोलणार आहोत. टाळ्या नकोत, कान द्या.

हा शेठजीचा रोग, घाम गाळणाऱ्याला होत नाही, असं आपण मानत आलो. शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा आम्हीही तेच समजायचो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीचा अंदाज असा, की देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर आहेत.

कोणी म्हणेल, मी तर काडीसारखा, मला काय होतं? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाया आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास चालवला. आपलं बाळ जन्मताना वजनानं कमी भरतं, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त असते, हे त्यातून पुढे आलं. तेव्हा काटकुळ्या माणसानंही निर्धास्त राहू नये.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला सांगितलंय, सतत नांगर हाक नाहीतर विहीर खण. मात्र रोगी कृश असेल तर त्याला जपा. आपला नांगर ट्रॅक्टरनं नेला, निंदण तणनाशकानं नेलं, वावरात जायला मोटरसायकल आली. उलंगवाडी झाली की पेरणीपर्यंत पानठेला आणि चहा. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. दिवसाला सहा कप धरले तर महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम, एका माणसाची! पाहुण्याघरचा चहा यात धरलेला नाही.

ज्वारी आपण का सोडली? भाव नाही, पावसात कणीस काळं पडतं, उरलंसुरलं रोही आणि रानडुकरं खातात. तिच्या जागी सोयाबीन पेरा म्हणून सांगत फिरणाऱ्यांत आम्हीही होतो. एकरी हिशेब मांडला, ताटाचा मांडला नाही. घरात रेशनचा गहू-तांदूळ आला, आणि पोळी कशी, चार खाल्ल्या तरी कळत नाही.

पण ज्वारी म्हणजे औषध, असा निरोप घेऊन जाऊ नका. १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास पिष्ट आहेच, गव्हातही जवळपास तेवढंच. भाकर जाडीभरडी, दोनात पोट भरतं, एवढाच तिचा गुण. चार भाकरी हाणल्या तर तोही गेला. भाकर कमी करा; तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, काकडी वाढवा. चहातली साखर बंद. जेवल्यावर बसू नका, गावाला एक फेरी मारा. घरच्यापुरती ज्वारी तरी पेरा.

यानं फरक पडतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरचे पाचशेवर लोक तीन वर्षं तपासले. निष्कर्ष २००६ साली आले. नुसता साधा सल्ला दिलेल्या १०० जणांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. खाणंपिणं आणि चालणं नेटानं सांभाळायला लावलेल्यांत ३९ जणांना. सगळे वाचले नाहीत, पण १६ जण वाचले.

ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आमचं ऐकून ते सोडू नये. उपाशीपोटी फवारणीला तर मुळीच जाऊ नये. घाम, थरथर, चक्कर ही साखर उतरल्याचीही खूण आहे आणि औषध अंगात भिनल्याचीही. शुद्धीवर असाल तर लगेच साखर खा, पंप उतरवा आणि दवाखाना गाठा. शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि फवारत होतो, हे दोन्ही डॉक्टरला सांगा.

तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून पक्कं करावं लागतं. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा.

आणि पाय. जुन्या शुगरवाल्याच्या तळव्याला कळ कळत नाही. पऱ्हाटीचा खुंट घुसतो, हा चालतच राहतो, आठ दिवसांनी वास येतो तेव्हा घरच्यांना समजतं. पाय कापावे लागतात ते असे. वावरात अनवाणी जाऊ नका. रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून नवऱ्यानं बायकोचे आणि बायकोनं नवऱ्याचे तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट.