खिंडीच्या अल्याड-पल्याड



हिवाळ्यात इथे उरणच्या पाणजे पाणथळीवर उतरणारे पाणटिवळे उत्तर आशियातून हजारो किलोमीटर उडून येतात. याच देशात असेही पक्षी आहेत, ज्यांना जेमतेम ३०-४० किलोमीटरची खिंड लाखो वर्षांत ओलांडता आलेली नाही.

ती पालघाटची खिंड. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनामलाई आणि पळणी. दोन्हीकडे उंचावर शोला जंगले, मधला पट्टा मात्र सखल आणि उष्ण. शोलातला निळा रॉबिन दाट सावलीत, जमिनीलगत किडे टिपत फिरणारा. उघड्या, तापलेल्या मुलखात त्याला ना आडोसा ना खाणे. पंख असूनही तो खाली उतरत नाही. दोन्ही बाजूंच्या पक्ष्यांच्या जोड्या जुळेनाशा झाल्या आणि ज्या बाजूला जो जनुकीय बदल झाला तो तिथेच साठत गेला. आज निलगिरीतल्या रॉबिनच्या कुशी तांबूस आहेत. पल्याडच्या भाऊबंदाच्या निळसर करड्या, पोट पांढरे. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजातीच मांडली. शोलातल्या हास्यकस्तुरांनाही ‘मॉन्टेसिंक्ला’ हे नवे नाव मिळाले. त्यांच्या चार जाती वेगवेगळ्या डोंगररांगा धरून आहेत.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? रानपिंगळ्याकडे पाहावे. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंदच नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात. पण तो आज जंगलाच्या तुटक तुकड्यांत राहतो. पालघाटच्या खिंडीला नवी जाती घडवायला लाखो वर्षे मिळाली. आपण चार-पाच दशकांत जंगलांत पाडलेल्या फटींमुळे नवे काही घडत नाही. थोडे पक्षी एका तुकड्यात अडकतात, आपसांतच वाढतात आणि एखाद्या वणव्यात वा साथीत संपून जातात. म्हणूनच दोन जंगलांना जोडणारा झाडीचा पट्टा राखणे हे पक्षिमित्रांचे पहिले काम आहे, अशी या संमेलनाच्या स्वागत समितीची ठाम भूमिका आहे.

उरणचा प्रश्नही याच जातीचा. भरतीला खाडीचे चिखलपट्टे बुडाले की पाणटिवळे पाणज्यात येऊन बसतात. ही जागा भरावाखाली गेली, तर भरतीच्या वेळी त्यांनी टेकायचे कुठे? उद्याची पाणज्याची फेरी त्यामुळेच भरतीच्या वेळेवर ठरवली आहे. दुर्बिणी आणि नोंदवह्या जरूर आणाव्यात. गावातली तरुण मंडळी वाट दाखवायला सोबत असतील.