लाकडी बासरी आणि तिचा कारागीर
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपल्या मुरलीधराची बासरी वेळूची. युरोपात मात्र बासरी लाकडाची. कातारी लाटणे कातून काढतो, तशी कातून काढलेली. तिच्यात एक उणीव होती. भोके बोटे पोचतील तिथे पाडलेली असत, सुराला हवी तिथे नव्हेत. त्यामुळे काही सूर खणखणीत निघत, तर काही दबके.

ही उणीव दूर करणारा कारागीर म्हणजे थिओबाल्ड बोएम. त्याचा जन्म १७९४ साली जर्मनीतील म्युनिक शहरी, सोनाराच्या घरी झाला. बापाच्या हाताखाली तो सोनारकाम शिकला, बासरी वाजवू लागला आणि १८१८ साली दरबारी वाद्यवृंदात वादक झाला. पुढे १८२८ साली त्याने बासऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढला.

१८३१ साली लंडनमध्ये त्याने चार्ल्स निकल्सन या वादकाची बासरी ऐकली. तिची भोके मोठी आणि आवाज भरदार. आपल्या बासरीतून तसा आवाज निघत नाही, हे बोएमने मनाशी कबूल केले. त्या वेळी तो सदतीस वर्षांचा, नावाजलेला वादक होता.

परत येऊन १८३२ साली त्याने नवी लाकडी बासरी घडविली. भोके मोठी केली आणि सुराला हवी तिथेच पाडली. जिथे बोट पोचेना, तिथले भोक झाकण्यासाठी कड्या, झाकणे आणि दांड्या बसविल्या. एक बोट दाबले की दूरचे झाकणही मिटे. सोनाराचा हात इथे कामी आला.

पण याची किंमत होती. बोटांची जुनी सवय मोडावी लागली. वर्षानुवर्षे कमावलेला हात बाजूला ठेवून हा वादक पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकला. इतर पुष्कळ वादक त्याला तयार नव्हते. खुद्द जर्मनीतही ही बासरी फार उशिरा रुजली.

१८४७ साली त्याने सरळ नळीची धातूची बासरी केली; तरी लाकडाच्या बासऱ्याही तो घडवीत राहिला. १८८१ साली तो वारला. आज जगभरच्या वाद्यवृंदांतील बासरी त्याच्याच बांधणीची असते.

सज्जनहो, जुन्या वस्तूवर प्रेम असणारानेच तिची उणीव ओळखावी आणि ती दूर करण्याचे कष्टही आधी स्वतः सोसावेत. जीर्णोद्धाराचे काम याहून वेगळे नाही.