ऐकीव पथ्य आणि आपले ताट



आहाराविषयीच्या सांगोवांगीच्या सल्ल्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. सकाळचा चहा होण्यापूर्वीच आपल्या मोबाइलवर चार संदेश येऊन पडलेले असतात. अमक्या फळाने मधुमेह जातो, तमक्या मिठाने रक्तदाब उतरतो! ज्या वडीलधाऱ्यांची मुले परगावी आहेत, त्यांना विचारावयास घरात दुसरे कोणी नसते. मग हे संदेश करमणुकीपुरते राहत नाहीत. त्यांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद होते.

या संदर्भात आपल्याच प्रदेशातील एक जुनी हकीकत उद्बोधक आहे. जबलपूर-कटनी मार्गावरील स्लीमनाबाद ज्याच्या नावाने वसले, त्या स्लीमनने 1844 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली आहे. सागरकडील काही गावांत 1829 मध्ये गारपिटीने, 1830 मध्ये अवर्षणाने आणि 1831 मध्ये पिकावरील रोगाने गहू बुडाला. तगला तो तिवडा, म्हणजेच विदर्भातील लाखोळी. लोकांनी त्याच्यावरच दिवस काढले. आणि 1833 पासून तिशीच्या आतील तरुणांचे पाय लुळे पडू लागले. या डाळीच्या विक्रीस प्रतिबंध करणारी तरतूद केंद्रीय नियमांत 1961 साली आली, आणि तिच्यातील विषारी द्रव्य 1964 साली ओळखले गेले.

परंतु ‘ही डाळ वाईट’ एवढाच बोध यातून घेतला, तर तो अपुरा ठरेल. इतर धान्याबरोबर ती अल्प प्रमाणात खाणाऱ्यास सहसा बाधा होत नसे. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली, तेव्हा घात झाला. किती खावे, किती दिवस खावे आणि कोणी खावे, यांवरच सारे अवलंबून असते. नेमक्या याच तीन गोष्टी हातोहात फिरणाऱ्या संदेशातून गळून जातात. पोटॅशियमयुक्त मीठ रक्तदाबाच्या काही रुग्णांना हितकर ठरते. पण ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, त्यांच्या जिवावर ते बेतू शकते. सैंधवात मुद्दाम आयोडीन मिसळलेले नसेल, तर शरीराची आयोडीनची गरज त्यातून भागत नाही.

माझे आयुष्य सरकारी कागदांत गेले. निनावी अर्ज आला की आम्ही प्रथम विचारतो, याखाली सही कोणाची? तोच प्रश्न ताटाबाबत का विचारू नये? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी 17 आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांखाली संस्थेचे नाव आहे. त्यांबद्दल तिला जाब विचारता येतो. निनावी संदेशाबाबत तशी सोय नाही.

म्हणून मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या सभागृहात तीन महिन्यांतून एकदा आहारतज्ज्ञांस पाचारण करावे आणि सभासदांनी आपल्याकडे आलेले असे संदेश त्यांच्यापुढे ठेवावेत. तोवर तज्ज्ञास विचारल्याखेरीज कोणीही औषध सोडू नये, आणि तसा सल्ला पुढेही धाडू नये. सुवर्णमहोत्सव पाहणाऱ्या ज्येष्ठांना हीरकमहोत्सवही याच सभागृहात पाहावयास मिळो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.