समुद्रतळीचे हिरे

हिरा म्हटला की आपल्याला गोवळकोंडा आठवतो. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणींनी एके काळी राजेरजवाड्यांचे मुकुट सजविले. परंतु हिऱ्यांचा शोध सागराच्या तळाशीही घेतला जातो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. आफ्रिकेतील नामिबिया देशाचा किनारा हे त्याचे प्रमुख क्षेत्र होय.

हे हिरे समुद्रात जन्मलेले नव्हेत. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात प्राचीन ज्वालामुखींच्या नळ्यांतून ते वर आले. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने खडक झिजले आणि ऑरेंज नदीने ते धन अटलांटिक महासागराच्या स्वाधीन केले. लाटांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस रेटले. या प्रवासात भेगाळलेले खडे फुटले, निर्दोष तेवढे टिकले. म्हणूनच येथील बहुसंख्य हिरे अलंकारयोग्य ठरतात. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती. त्या काळच्या पुळणी आज पाण्याखाली आहेत. हिरे दडले आहेत ते त्यांच्यात.

१९०८ साली ल्युडेरिट्झजवळ रेल्वेमार्गावरील वाळू उपसताना झकेरियस लेवाला या मजुराला हिरा सापडला. त्याने तो आपला वरिष्ठ ऑगस्ट श्टाउख याला दिला. भाग्य उजळले ते श्टाउखचे! पुढे १९६० नंतरच्या दशकात टेक्सासच्या सॅम कॉलिन्सने समुद्रातील गाळ उपसण्यास आरंभ केला.

आज प्रथम ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढतात, मग ठिकठिकाणचे नमुने तपासतात. त्यानंतर शंभराहून अधिक मीटर खोलीवर यंत्र उतरवून गोटेवाळू जहाजावर ओढतात. तेथे ती चाळून, जड खडे वेगळे करून, क्ष-किरणांच्या साहाय्याने हिरे निवडले जातात. उरलेला गाळ पुन्हा सागरात सोडतात.

मात्र यंत्र फिरून गेले की तळावरील जीवांची वस्ती उठते आणि ती पुन्हा बसण्यास कित्येक वर्षे लागतात. दुसरीकडे, या व्यवसायात नामिबिया सरकारची निम्मी भागीदारी आहे. त्या तरुण राष्ट्राच्या शाळा-इस्पितळांना लागणारा पैसा अंशतः येथूनच येतो. एकाला जपावे तर दुसऱ्याची ओढ, असा हा पेच आहे.

जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो मुंबईत. तेव्हा हा पेच केवळ परक्यांचा नव्हे. निसर्गाने कोट्यवधी वर्षे पाखडून ठेवलेली ही रास एकदाच उचलता येते. ती किती उचलावी आणि तिच्यातला वाटा कोणाकोणाच्या पदरी पडावा, हा विचार हिऱ्याच्या मोलाइतकाच मोलाचा आहे.