मूठभर धान्याची शाळा

(सुवर्णमहोत्सव समारंभात गांधीबाग, नागपूर येथे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून खेड्यातील एखाद्या प्राथमिक शाळेसाठी काही कार्य करावे, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यास अनुसरून ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. गांधीबागेत कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील खेड्यातून आले आणि गावच्या शाळेतच पाढे शिकले. तेव्हा हा विषय आपणास परका नाही.

आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या समाजाने शास्त्रदानाची परंपरा उत्तम चालविली. आपल्या विदर्भातच, कारंजा येथे, ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजेच पुढील काळातील पूज्य समंतभद्र महाराजांनी, १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. ते गुरुकुल आपणास ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते मात्र कुंभोजच्या एका जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी. कारण त्यांनी ज्ञानदान आपल्या समाजाच्या कुंपणाबाहेर नेले.

कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान गौरवग्रंथांतून सहसा वगळले जाते. माझ्या मते ते अवश्य वाचावे. सर्व जीव समान असे आपण रोज म्हणतो. त्या वचनाची परीक्षा एका विद्यार्थ्याने दिली आणि वडीलधारी मंडळी तीत अनुत्तीर्ण झाली.

भाऊरावांनी ह्याचा राग धरला नाही. १९१० मध्ये दुधगावी सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला, तो चालला मुष्टिफंडावर. घरोघरी गृहिणीने दळणापूर्वी मूठभर धान्य वेगळे काढून ठेवायचे, एवढीच ती योजना. एका श्रीमंताची थैली आणि शंभर घरांच्या मुठी ह्यांत फार अंतर आहे. थैलीने शाळा उभी राहते. मुठीने ती गावाची होते. जिच्या घरातून धान्य जाते, ती माउली आज गुरुजी आले की नाहीत हे विचारल्यावाचून राहत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. ह्याच वसतिगृहाचे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते नामकरण झाले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले. त्या १९३० मध्ये निवर्तल्या. संस्थेचे मोठेपण त्यांना पाहावयास मिळाले नाही.

१९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षक घडविणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्यानंतर, जिथे शाळाच नव्हती अशा दुर्गम वाड्यावस्त्यांवर ‘व्हॉलंटरी शाळा’ सुरू झाल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. इमारतीची वाट कोण पाहणार? देऊळ, धर्मशाळा, चावडी, जी जागा गाव देई तिथे वर्ग भरे. पुढे ह्या शाळा सरकारी व्यवस्थेकडे वर्ग झाल्या.

आज इमारत आहे, पोषण आहार आहे, २००९ चा शिक्षण हक्क कायदाही आहे. पण मुले नाहीत. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने मांडला, तेव्हा अशा हजारो शाळांची नावे पुढे आली. पट घटण्यास स्थलांतर कारण आहे, तसाच आपला शहरी ओढाही कारण आहे. सहा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावी पाठविण्यास आईबाप धजावत नाहीत. अभयदानाचा अर्थ इथे फार साधा आहे: तिची शाळा तिच्या हाकेच्या अंतरावर असणे.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. कोनशिला बसविण्याची घाई करू नये. (आपल्याकडे शिलेवर नावे इतकी होतात, की शिलाच अपुरी पडते!) कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आधी त्यांच्यासोबत सतरंजीवर बसावे व काय हवे ते त्यांनाच विचारावे. कदाचित ते पाण्याची टाकी मागतील, कदाचित पुस्तके. कदाचित पहिलीच्या मुलांजवळ रोज दोन तास बसणारी गावातलीच एखादी शिकलेली सून त्यांना हवी असेल. आणि निधी मोजक्या देणगीदारांकडून न घेता आपल्या प्रत्येक घरातून दरमहा थोडा थोडा यावा. आपल्या मुलांनीही वर्षातून दोनदा तिथे जावे, पाहुणे म्हणून नव्हे, त्याच पंगतीत जेवायला.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर गाव निवडता येईल. पहिल्या मुठीसाठी माझे घर तयार आहे.

जय जिनेंद्र.